पाणीवापर संस्थेचें दप्तर : संगणकांतील डेटाबेसाशीं जोडणी व त्यास करावयाची विचारणा

महाराष्ट्र सिंचन पद्धतीचें शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ हा कायदा झाल्यापासून कालव्याच्या लाभक्षेत्रांतील शेतकऱ्यांनीं पाणीवापर संस्था स्थापून पाणी मोजून घ्यावें, तें आपसांत वांटावें आणि पाणीपट्टीची वसुलीहि आपणच करावी, अशी व्यवस्था आहे. हें काम पाण्याचें दिसतें खरें, परंतु त्याचा निम्मा भाग दप्तराचा आहे. कोणाकडे किती बाकी आहे हें ज्या यादीवरून ठरतें, तीच यादी पुढील पाळीच्या वेळीं पुढें येते. ती यादी चुकली तर पैसे भरलेल्या गरिबाचें वाफ्यांतील पीक वाळतें आणि एक पैहि न भरलेला इसम खुशाल दारें धरतो. सबब ही यादी संगणकांतून कशी निघते, व कशी चुकीची निघूं शकते, हें संस्थेच्या सभासदांनीं स्वतः समजून घेणें अवश्य आहे. केवळ सेक्रेटरीच्या मुलावर किंवा तालुक्याच्या गांवाहून बोलाविलेल्या कारागिरावर भिस्त ठेवून भागणार नाहीं.

हल्लीं पुष्कळ संस्थांनीं वह्यांच्या जोडीस संगणक घेतला आहे. तथापि तेथें जाऊन पाहावें तों बहुतेक ठिकाणीं एक्सेलसारख्या प्रोग्रॅममधील एक लांबच लांब कोष्टक आढळतें. एक प्रत सेक्रेटरीच्या यंत्रांत, दुसरी चेअरमनच्या घरीं, तिसरी पेनड्राइव्हवर. तिघींच्या बेरजा निराळ्या, आणि त्यांतील खरी कोणती हें सांगणारा कोणी नाहीं. महसूल खात्यांत ज्यांची हयात गेली त्यांस हा प्रकार नवीन नाहीं. एका नोंदीच्या दोन नकला झाल्या, आणि दोन्हींवर लिहिण्याची मुभा राहिली, कीं तंट्यास बीज मिळालेंच. ह्यावर उपाय म्हणजे दप्तर एक असावें, तें एका जागीं असावें, आणि ज्यास पाहावयाचें असेल त्यानें तेथेंच विचारणा करावी. संगणकाच्या भाषेंत अशा दप्तरास डेटाबेस म्हणतात व विचारणेस क्वेरी म्हणतात.

डेटाबेसाची कल्पना समजण्यास गांवचे नमुने आठवावेत. नमुना ८-अ मध्यें खातेदार व त्याच्या धारण जमिनी. ८-ब मध्यें महसुलाची मागणी व वसुली. नमुना ९ म्हणजे पावत्यांचें पुस्तक. हे नमुने वेगवेगळे आहेत, परंतु खाते क्रमांकाच्या धाग्यानें एकमेकांस बांधलेले आहेत. पावती फाडतांना खातेदाराच्या जमिनीचें सारें वर्णन पुन्हां कोणी लिहीत नाहीं. खाते क्रमांक घातला कीं बाकीचें ८-अ मध्यें सांपडतें. एक गोष्ट एकाच ठिकाणीं लिहावयाची व इतरत्र केवळ तिचा क्रमांक द्यावयाचा, हें जें आमच्या जुन्या दप्तराचें सूत्र, तेंच गणिताच्या पायावर मांडण्याचें काम अमेरिकेंत आय. बी. एम. कंपनींत नोकरीस असलेले एडगर कॉड ह्यांनीं १९७० सालीं केलें. त्याच कंपनींतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस ह्यांनीं १९७४ सालीं अशा तक्त्यांस प्रश्न विचारण्याची एक भाषा प्रसिद्ध केली. तिचें पहिलें नांव सीक्वेल. पुढें ती एस. क्यू. एल. ह्या नांवानें जगभर पसरली, आणि आज पन्नास वर्षांनंतरहि तीच चालू आहे.

आतां एक भेद प्रथमच मनांत पक्का करावा, कारण नवशिक्यांचा सर्व घोटाळा येथें होतो. टेबलावरील संगणकांत आपण जो प्रोग्रॅम उघडतों तो दप्तर नव्हे; तो केवळ खिडकीवर उभा राहून अर्ज देणारा इसम होय. दप्तर सांभाळणारा वेगळाच प्रोग्रॅम असतो, त्यास सर्व्हर म्हणतात. खिडकीवरचा इसम प्रश्न देतो, दप्तरदार आंत जाऊन कागद पाहतो व उत्तर आणून देतो. खिडकीवरील इसम बदलला तरी दप्तराचें कांहीं बिघडत नाहीं. दोघेतिघे एकाच वेळीं निरनिराळ्या यंत्रांवरून आले तरी दप्तर एकच राहतें.

आमच्या कामास दोन प्रोग्रॅम पुरेसे आहेत व दोन्ही विनामूल्य मिळतात. दप्तरदार म्हणून पोस्टग्रेएसक्यूएल, जो कॅलिफोर्निया विद्यापीठांत बर्कली येथें १९८६ सालीं सुरू झालेल्या पोस्टग्रेस ह्या प्रकल्पांतून निपजला; आणि खिडकीवर लिबरऑफिस ह्या २०१० सालीं निघालेल्या संचांतील ‘बेस’ हा भाग. जेथें यंत्र एकच व लिहिणारा इसमहि एकच, तेथें एस. क्यू. लाइट चालेल. रिचर्ड हिप ह्यांनीं २००० सालीं काढलेल्या ह्या डेटाबेसास निराळा दप्तरदार लागतच नाहीं. सारें दप्तर एका फायलींत मावतें. मात्र बेसमधून तेथें पोंचण्यास ओ. डी. बी. सी. नांवाचा मध्यस्थ बसवावा लागतो, व तो मध्यस्थ आणि लिबरऑफिस हे दोन्ही चौसष्ट बिटांचे किंवा दोन्ही बत्तीस बिटांचे असावे लागतात. एक ह्या जातीचा व दुसरा त्या जातीचा असला तर जोडणी होत नाहीं, आणि कारण मात्र चटकन् कळत नाहीं. पुढील विवेचन पोस्टग्रेएसक्यूएलला धरून केलें आहे.

प्रथम तक्ते. आमच्या उदाहरणांत तीन पुरतील: सभासद, आकारणी आणि वसुली. सभासदांच्या तक्त्यांत खाते क्रमांक, नांव व क्षेत्र. आकारणींत अनुक्रमांक, खाते, वर्ष, हंगाम व रक्कम. वसुलींत पावती क्रमांक, खाते, तारीख व रक्कम. प्रत्येक तक्त्यांत एक रकाना असा असावा कीं ज्याचा आंकडा दोनदां येऊं शकत नाहीं. सभासदांस तो खाते क्रमांक, वसुलीस पावती क्रमांक. ह्यास प्राथमिक कळ म्हणतात. ती नेमलेली नसल्यास बेस त्या तक्त्यांत लिहूंहि देत नाहीं, केवळ दाखवितो. वसुलींतील खाते क्रमांक सभासदांच्या तक्त्यांत असलाच पाहिजे, असाहि निर्बंध घालून ठेवावा. म्हणजे अस्तित्वांत नसलेल्या खात्यावर पावती घालूं म्हटलें तर दप्तरदार स्वतःच ती नाकारील. (एस. क्यू. लाइटमध्यें हा निर्बंध लिहिला तरी तो पाळण्याची आज्ञा प्रत्येक जोडणीच्या वेळीं निराळी द्यावी लागते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.)

नांवावरून जोड घालण्याचा मोह टाळावा. ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ ही आपल्या दृष्टीस एकच व्यक्ति, परंतु यंत्राच्या दृष्टीस दोन; नांवापुढें चुकून एक रिकामी जागा पडली तरीहि दोन. बापाचें नांव व आडनांव सारखें असलेले दोन चुलतभाऊ एकाच बांधावर असतात, त्यांचें तर बोलावयासच नको. तारखेचा रकाना तारखेच्याच जातीचा करावा, साध्या मजकुराचा करूं नये, नाहींतर डिसेंबरची पहिली तारीख जानेवारीच्या दुसरीच्या आधीं लागते. रकमेचा रकाना ‘न्यूमरिक’ जातीचा असावा. अपूर्णांकांची जी तरंगती जात यंत्रांत असते तिच्यांत पैशांच्या बेरजा नेमक्या जुळत नाहींत. तक्त्यांचीं व रकान्यांचीं नांवें रोमन लिपींत, सर्व लहान अक्षरांत व मध्यें जागा न सोडतां द्यावीं. आंतील मजकूर खुशाल देवनागरींत असावा. लहान अक्षरांचा आग्रह कां, तें पुढें येईल.

आतां जोडणी. दप्तरदारापर्यंत पोंचण्यास पांच गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: तो कोणत्या यंत्रावर बसतो, त्या यंत्राच्या कोणत्या दारावर ऐकतो, दप्तराचें नांव काय, विचारणाराचें नांव काय, आणि त्याचा पासवर्ड काय. यंत्र आपलेंच असेल तर ‘लोकलहोस्ट’ असें लिहावें. दाराचा क्रमांक पोस्टग्रेएसक्यूएलचा बहुधा ५४३२ असतो. बेस उघडला कीं तो आरंभींच विचारतो कीं नवें दप्तर करावयाचें, जुनी फाइल उघडावयाची, कीं असलेल्या डेटाबेसास जोडावयाचें. येथें तिसरा पर्याय घ्यावा व यादींतून पोस्टग्रेएसक्यूएल निवडावा. मग वरील गोष्टी भराव्या, पासवर्ड लागतो अशी खूण करावी, आणि ‘टेस्ट कनेक्शन’ हें बटण दाबावें. जोडणी झाल्याचा निरोप आला कीं फाइल जतन करावी. ह्या फायलींत संस्थेचा हिशेब नसतो, केवळ दप्तराचा पत्ता व आपण लिहून ठेवलेल्या विचारणा असतात. ती फाइल पेनड्राइव्हवर उतरून घेतली म्हणजे हिशेबाची नक्कल झाली, असें कोणीं समजूं नये.

जोडणी न झाल्यास घाबरून सर्व प्रोग्रॅम काढून पुन्हां बसविण्याची कांहीं जणांस संवय असते. तसें करण्याचें कारण नाहीं. जो निरोप येतो तो वाचावा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असें आलें तर त्या दारावर कोणी बसलेलेंच नाहीं: सर्व्हर चालू नाहीं, किंवा दाराचा क्रमांक चुकला. पासवर्ड नाकारला असें आलें तर दार बरोबर आहे, ओळख चुकली. डेटाबेस अस्तित्वांत नाहीं असें आलें तर दारहि बरोबर, ओळखहि बरोबर, दप्तराचें नांव चुकलें. आणि जोडणी होऊन विचारणेच्या वेळीं ‘रिलेशन डझ नॉट एक्झिस्ट’ असें आलें तर तक्त्याचें नांव चुकलें. हें शेवटचें पुष्कळदां मोठ्या अक्षरांमुळें होतें. पोस्टग्रेएसक्यूएल अवतरणचिन्हांत नसलेलें प्रत्येक नांव लहान अक्षरांचें धरतो, तर बेस स्वतः विचारणा रचतांना नांवें अवतरणचिन्हांत घालतो व अक्षरें जशींच्या तशीं पाठवितो. आधींपासून सर्वत्र लहान अक्षरें ठेवलीं असतां हा वादच उद्भवत नाहीं. आपल्या यंत्रावरून जोडणी होते पण दुसऱ्या खोलींतील यंत्रावरून होत नाहीं, असें झाल्यास समजावें कीं दप्तरदार नव्यानें बसविल्यावर केवळ स्वतःच्या यंत्रावरील लोकांशींच बोलतो. इतरांस परवानगी त्याच्या व्यवस्थेच्या फायलींत मुद्दाम लिहून द्यावी लागते. ती कार्यालयांतील यंत्रांपुरतीच द्यावी. सर्व जगाच्या इंटरनेटवर हें दार उघडें टाकणें म्हणजे तिजोरी चावडीच्या ओट्यावर ठेवण्यासारखें आहे.

विचारणेची भाषा साधी आहे. तिचीं पदें यंत्रावर रोमन लिपींत लिहावीं लागतात. येथें वाचकांच्या सोयीसाठीं तीं देवनागरींत देतों. एका खात्याच्या पावत्या पाहावयाच्या असल्यास:

सिलेक्ट पावती, तारीख, रक्कम फ्रॉम वसुली व्हेअर खाते = ४२ ऑर्डर बाय तारीख

म्हणजे वसुलीच्या तक्त्यांतून, खाते ४२ असेल तेथें, हे तीन रकाने तारखेच्या क्रमानें काढून दे. आंकडेहि अर्थात् रोमन लिपीच्या अंकांत द्यावयाचे. दरवेळीं निराळें खाते विचारावयाचें असल्यास ४२ च्या जागीं अपूर्णविराम देऊन लागूनच एखादें नांव लिहावें. बेस प्रत्येक वेळीं लहान चौकट पुढें करून खाते क्रमांक विचारतो. ही सोय फार उपयोगाची आहे, कारण कोणाहि सभासदास त्याचा उतारा मागतांच देतां येतो. मात्र बेसमध्यें ‘आज्ञा थेट पाठवावी’ असा एक पर्याय आहे, तो चालू असतां ही चौकट येत नाहीं.

खरा प्रश्न येतो तो थकबाकीच्या यादीच्या वेळीं. उदाहरणादाखल तीनच खातीं घेऊं. खाते १७: आकारणी खरीप ६०० रुपये व रब्बी १,४०० रुपये, वसुली २,००० रुपयांची एकच पावती. खाते ४२: आकारणी रब्बी १,८०० व उन्हाळी २,२००, पावत्या तीन, १,०००, १,००० व ५०० रुपयांच्या. खाते ५८: आकारणी रब्बी १,५००; पावती एकहि नाहीं. कोणताहि शाळकरी मुलगा सांगेल कीं १७ ची बाकी शून्य, ४२ ची १,५०० व ५८ ची १,५००, एकूण ३,०००.

आतां नवशिका काय करतो, तर आकारणी व वसुली हे दोन तक्ते खाते क्रमांकावर जोडतो, दोन्हींच्या रकमांची बेरीज करून एकींतून दुसरी वजा करतो. आज्ञा वाचावयास निर्दोष वाटते व यंत्रहि कांहीं तक्रार करीत नाहीं. उत्तर काय येतें तें पाहा. खाते १७ चे संस्थेकडे २,००० रुपये जमा. खाते ४२ कडे ७,००० रुपये बाकी. आणि खाते ५८ यादींत नाहींच!

हें कसें झालें? दोन तक्ते जोडतांना यंत्र एका तक्त्याची प्रत्येक ओळ दुसऱ्याच्या प्रत्येक जुळणाऱ्या ओळीशीं बांधतें. खाते ४२ च्या आकारणीच्या दोन ओळी व वसुलीच्या तीन, म्हणून जोडलेल्या ओळी सहा. त्यांत प्रत्येक आकारणी तीनदां येते, म्हणजे ४,००० चे १२,००० होतात; प्रत्येक पावती दोनदां येते, म्हणजे २,५०० चे ५,००० होतात; वजाबाकी ७,०००. ज्यानें हप्त्याहप्त्यानें, बाजारांत कांदा विकेल तसतसे पैसे आणून दिले, त्याची बाकी त्याच्या पावत्यांच्या संख्येनें फुगली. खाते १७ च्या आकारणीच्या ओळी दोन व पावती एक, म्हणून त्याची पावती दुप्पट धरली गेली. आणि खाते ५८ ची वसुलींत एकहि ओळ नसल्यामुळें त्याच्या आकारणीस जोडीदारच मिळाला नाहीं, व साध्या जोडणींत जोडीदार नसलेली ओळ गळून पडते. थकबाकीदारांच्या यादींतून नेमका तोच इसम गळतो ज्यानें कांहींच भरलेलें नाहीं. अशी यादी वार्षिक सभेंत वाचली गेली तर गरीब हप्तेवाला सर्वांसमक्ष खालीं मान घालतो आणि ५८ चा धनी मागच्या रांगेंत बसून सुपारी कातरतो. यंत्रानें छापलेला कागद म्हणून त्यावर कोणी शंकाहि घेत नाहीं, हें त्याहून वाईट.

पुष्कळजण ह्यावर ‘लेफ्ट जॉइन’ हा उपाय सांगतात. ह्या जोडणींत डाव्या तक्त्याची ओळ जोडीदार नसला तरी राहते. उपाय अर्धा खरा आहे. खाते ५८ परत येईल, परंतु त्याच्या वसुलीच्या जागीं शून्य न येतां रिकामी जागा येईल, जिला ‘नल’ म्हणतात. आणि १,५०० मधून नल वजा केलें तर उत्तर १,५०० न येतां पुन्हां नलच येतें. नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे ठाऊक नाहीं. पीकपाहणींत एखाद्या गटापुढें ‘पड’ लिहिलेलें असणें आणि रकाना कोरा असणें ह्यांत जो भेद, तोच येथें. शिवाय ४२ च्या जोडलेल्या सहा ओळी तशाच राहतात.

बरोबर मार्ग असा. आधीं आकारणीची खातेवार बेरीज करून प्रत्येक खात्याची एकच ओळ करावी. तशीच वसुलीचीहि करावी. मग सभासदांचा तक्ता डावीकडे ठेवून ह्या दोन गोषवाऱ्यांस त्याच्याशीं जोडावें, व जेथें नल येईल तेथें शून्य धरावें. आज्ञा पुढीलप्रमाणें:

सिलेक्ट स.खाते, स.नांव, कोअलेस(आ.बेरीज, ०) − कोअलेस(व.बेरीज, ०) ॲज बाकी
फ्रॉम सभासद स
लेफ्ट जॉइन (सिलेक्ट खाते, सम(रक्कम) ॲज बेरीज फ्रॉम आकारणी ग्रुप बाय खाते) आ ऑन आ.खाते = स.खाते
लेफ्ट जॉइन (सिलेक्ट खाते, सम(रक्कम) ॲज बेरीज फ्रॉम वसुली ग्रुप बाय खाते) व ऑन व.खाते = स.खाते

येथें स, आ व व हीं तक्त्यांचीं तात्पुरतीं टोपणनांवें होत. प्रत्येक जोडणींत दोन्ही बाजूंस एका खात्याची एकच ओळ असल्यामुळें गुणाकार होण्यास जागाच राहत नाहीं. एकाच वर्षाची आकारणी किंवा अमुक तारखेपर्यंतची वसुली पाहावयाची असल्यास ती अट त्या त्या कंसाच्या आंत, ‘ग्रुप बाय’च्या आधीं घालावी. साध्या लेफ्ट जॉइनच्या आज्ञेंत तीच अट सर्वांत शेवटीं बाहेर घातली, तर वसुलीची तारीख नल असलेल्या ओळी त्या अटींत बसत नाहींत व खाते ५८ पुन्हां नाहींसें होतें. इतकें सांभाळून रचलेली आज्ञाहि एका शब्दाच्या जागेमुळें फिरते, म्हणून पुढील संवय लावून घ्यावी.

जुन्या कारकुनास कोणतीहि बेरीज ताळा घेतल्यावांचून खालीं ठेववत नाहीं. येथेंहि दोन ताळे आहेत. सर्व आकारणीची बेरीज, सर्व वसुलीची बेरीज, ह्यांची वजाबाकी यादीच्या एकूण बाकीशीं जुळली पाहिजे. आमच्या उदाहरणांत ७,५०० वजा ४,५०० म्हणजे ३,०००. चुकीच्या यादीची बेरीज मात्र ५,००० येते, व चूक तेथेंच हातीं लागते. दुसरा ताळा असा कीं यादींतील ओळींची संख्या सभासदांच्या संख्येइतकी असावी. हे दोन्ही आंकडे यादीच्या तळाशीं छापावे व सभेंत प्रथम तेच वाचून दाखवावे. ज्यांस एस. क्यू. एल. मधील एक अक्षर येत नाहीं अशा सभासदांसहि ही तपासणी करतां येते, आणि त्यांनीं ती मागावी.

आतां लिहिण्याविषयीं थोडें. वाचण्याच्या आज्ञेनें दप्तर बिघडत नाहीं, परंतु ‘अपडेट’ व ‘डिलीट’ ह्या आज्ञा तीक्ष्ण आहेत. त्यांत ‘व्हेअर’ची अट विसरली तर एका खात्याऐवजीं सर्व खात्यांची रक्कम बदलते किंवा सर्व पावत्या जातात, आणि यंत्र ‘इतक्या ओळी बदलल्या’ एवढेंच म्हणतें. म्हणून तीच अट आधीं ‘सिलेक्ट’ला लावून कोणत्या ओळी निघतात तें पाहावें. तसेंच ‘बिगिन’ म्हणून काम सुरू करावें, ओळींची संख्या अपेक्षेप्रमाणें असेल तरच ‘कमिट’ म्हणावें, नसेल तर ‘रोलबॅक’ म्हणावें, म्हणजे कांहींच झालें नाहीं असें होतें. मध्येंच वीज गेली तरी कमिट न झालेलें काम दप्तरांत शिरत नाहीं, हा ह्या पद्धतीचा मोठा गुण आहे. भारनियमनाच्या गांवीं त्याची किंमत निराळी सांगावयास नको.

माझ्या मतें वसुलीच्या तक्त्यावर ह्या दोन आज्ञा चालवूंच नयेत. सातबाऱ्यावरील जुनें नांव पूर्वीं खोडीत नसत. त्यास कंस करीत व फेरफाराचा क्रमांक घालीत, म्हणून पन्नास वर्षांनंतरहि जमीन कोणाकडून कोणाकडे आली हें वाचतां येतें. त्याच रीतीनें २४ च्या ऐवजीं ४२ वर पावती पडली असेल तर ती पुसूं नये. ४२ वर तेवढीच उणे रक्कम व २४ वर अधिक रक्कम अशा दोन नव्या नोंदी कारणासह एकाच कमिटखालीं घालाव्या. ताळा राहतो, आणि कोणीं काय दुरुस्त केलें हेंहि राहतें.

ज्यांच्या घरांतील मुलें पायथनसारख्या भाषेंत स्वतः प्रोग्रॅम लिहून दप्तराशीं जोडतात, त्यांनीं एक गोष्ट अवश्य विचारावी: चौकटींत लिहिलेला खाते क्रमांक आज्ञेच्या वाक्यांत जसाचा तसा चिकटवितां, कीं वेगळा पाठवितां? चिकटविला तर कोणी खट्याळ इसम ४२ च्या पुढें ‘ऑर १ = १’ असें लिहितो, व एक बरोबर एक हें नेहमींच खरें असल्यामुळें सर्व सभासदांचे हिशेब त्यास दिसतात. वेगळा पाठविला असतां दप्तरदार त्यास आज्ञेचा भाग न मानतां केवळ किंमत मानतो आणि असा क्रमांक नाहीं म्हणून नाकारतो. अर्जांतील मजकूर साहेबांच्या हुकुमांत मिसळूं नये, इतकाच ह्याचा अर्थ. जोडण्याच्या सर्व चालू साधनांत ही सोय आहे. ती न वापरणें हा निव्वळ आळस होय.

प्रत्येक माणसास निराळें नांव व निराळा पासवर्ड असावा. मोजणीदार व संचालक ह्यांस केवळ ‘सिलेक्ट’चा हक्क द्यावा, पावती लिहिणारास वसुलींत नवी ओळ घालण्याचा हक्क द्यावा, पुसण्याचा देऊं नये. हे हक्क दप्तरदारच पाळतो, त्यामुळें खिडकीवर कोणताहि प्रोग्रॅम आणला तरी ते चुकवितां येत नाहींत. पासवर्ड कागदावर लिहून यंत्राच्या कडेस चिकटविण्याची जी रीत सर्रास दिसते ती असली तर वरील सर्व व्यवस्था व्यर्थ आहे.

राहतां राहिली नक्कल. पोस्टग्रेएसक्यूएलबरोबर ‘पीजी-डंप’ नांवाचें साधन येतें. तें सर्व दप्तर एका फायलींत उतरून देतें, व त्यावेळीं काम बंद ठेवावें लागत नाहीं. वसुलीच्या दिवसांत ही नक्कल रोज संध्याकाळीं घ्यावी, फायलीच्या नांवांत तारीख घालावी, आणि एक प्रत कार्यालयाच्या बाहेर, दुसऱ्या इमारतींत ठेवावी. वळचणीचें पाणी शिरलें किंवा उंदरानें तार कुरतडली तर एकाच खोलींतील दोन्ही प्रती जातात. महिन्यांतून एकदां ती नक्कल दुसऱ्या यंत्रावर, निराळ्या नांवाच्या रिकाम्या डेटाबेसांत उतरवून पाहावी, बेसमधून तेथें जोडणी करून वरील थकबाकीची विचारणा चालवावी, आणि तिची बेरीज व ओळींची संख्या नक्कल घेतली त्या संध्याकाळीं छापून ठेवलेल्या यादीच्या तळाशीं असलेल्या आंकड्यांशीं ताडून पाहावी.